पावसाळाभर पडवीत पडलेले दोन कटर

दसरा झाला की कोकणात कटर, म्हणजे लाकूड कापायच्या पेट्रोलवरच्या चेन-सॉ, बाहेर निघतात. जुन्या आंब्यांची छाटणी, पावसात उन्मळलेले माड, जळणाचा आकेशी, सगळं पुढच्या दोन-अडीच महिन्यांत उरकायचं असतं. नेमकी तेव्हाच तक्रार येते: मे महिन्यात छान चालत होता, आता दोरी ओढून खांदा भरून आला तरी पेटत नाही. यंदा दुरुस्तीच्या बाकावर घेतलेल्या दोन्ही मशीन अशाच होत्या. एक ३१.८ सीसीची, नामांकित कंपनीची, १६ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी). दुसरी बिननावाची, अंगावर ५८ लिहिलेली, २० इंची बार. दोन्ही जूनपासून पडवीत, टाकीत पेट्रोल तसंच.

पहिला नियम असा की कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावायचा नाही. मशीन मे महिन्यात नीट चालत होती, म्हणजे स्क्रू तेव्हा बरोबर होते आणि पडवीत बसून ते फिरत नाहीत. तरीही आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनचे स्क्रू आधीच कोणीतरी फिरवलेले असतात, आणि मग मूळ दोष एक असतो तिथे दोन होतात. आधी इंधन, मग ठिणगी, मग सिलिंडरमधला दाब, आणि त्यानंतरच कार्बोरेटर. हा क्रम आम्ही मोडत नाही.

दोन्ही टाक्या पारदर्शक बाटल्यांत रिकाम्या केल्या. लहान मशीनचं पेट्रोल गडद आणि वार्निशसारख्या वासाचं झालं होतं. ५८ च्या बाटलीत मात्र दहा मिनिटांत दोन थर दिसले: वर तेलाच्या रंगाचं पेट्रोल, खाली साधारण बोटभर पाण्यासारखा फिकट थर. झाकणाचा रबरी वायसर कडक होऊन चिरला होता आणि मशीन पागोळ्यांच्या कडेला ठेवलेली होती. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी बसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-स्ट्रोकचं तेल मात्र वरच्या थरातच राहतं. टाकीतला फिल्टर नळीच्या टोकाला तळाशी लोळत असतो, म्हणजे तो तेल नसलेला खालचा थरच आधी ओढतो. मशीन पेटली नाही तर नशीब म्हणायचं. अडखळत पेटली तर पिस्टन बिनतेलाचा चालतो.

आपल्या पेट्रोलात इथेनॉल किती आहे ते घरी पाहता येतं. खुणांच्या काचेच्या नळीत १०० मिलि पेट्रोल आणि १० मिलि पाणी घालून हलवायचं आणि स्थिर होऊ द्यायचं. तळाचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. तो ३० च्या आसपास चढला तर २० टक्के आहे.

मग ठिणगी. प्लग काढून टोपीत घातला, त्याचं धातूचं अंग सिलिंडरच्या पंख्यांना टेकवलं, सावलीत दोरी ओढली. प्लगचं भोक जवळच असतं आणि त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ते चिंधीने बंद करून आणि प्लग त्यापासून लांब धरूनच हे करावं. लहान मशीनला निळी, टचटचीत ठिणगी होती. ५८ ला पिवळट आणि अधूनमधून. तिचा ठिणगीची वीज बनवणारा कॉइल सैल होता, फ्लायव्हील (इंजिनच्या दांड्यावरचं चुंबकाचं चाक) आणि कॉइलमधलं अंतर मिलिमीटरच्या वर गेलं होतं. फ्लायव्हीलचं चुंबक कॉइलसमोर आणायचं, मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं, चुंबकाने कॉइल ओढून घेतला की दोन्ही स्क्रू आवळायचे, कार्ड काढायचं. साधारण ०.३ मिलिमीटर अंतर मिळतं. चुंबकावरचा आणि कॉइलच्या पायांवरचा गंज त्याआधी बारीक पॉलिश पेपरने काढला. प्लगची फट ०.५ मिलिमीटर केली. प्लग ओला निघाला तर स्विच बंद, चोक उघडा, प्लगच्या भोकावर फडकं, आणि आठ-दहा वेळा दोरी ओढून साचलेलं पेट्रोल बाहेर काढायचं.

दाब मोजताना एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. मोटारसायकलसाठी मिळणाऱ्या गेजची रबरी नळी लांब असते आणि कित्येकदा तिचा व्हॉल्व्ह गेजच्या बाजूला असतो. एवढ्या लहान सिलिंडरची हवा ती नळी भरण्यातच जाते आणि चांगली मशीनही ७० पीएसआय दाखवते. व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला असलेलं गेजच घ्यावं. एक्सलेटर पूर्ण दाबून सहा-सात वेळा दोरी ओढल्यावर लहान मशीनने १३५ पीएसआय दाखवला. उत्तम. ५८ ने ७५. शंभराच्या खाली मशीन रडतखडत पेटते, आणि गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा पेटत नाही. गेज नसेल तर प्लग बसवून स्टार्टरच्या मुठीला धरून मशीन जमिनीपासून थोडी वर लटकवावी. चांगली मशीन थांबत थांबत टप्प्याटप्प्याने खाली येते. थेट खाली घसरली तर आत काही शिल्लक नाही.

लहान मशीनचं इंजिन शाबूत होतं, म्हणून तिची पहिली तपासणी सायलेन्सरपासून. आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. कोकणात हे इतकं नेमाने होतं की सायलेन्सरच्या तोंडात ठेवणीच्या वेळी कापडाचा बोळा घालणं हा एकच उपाय. मातीमागची ठिणगी-जाळीही काजळीने बुजली होती. ती लालबुंद तापवून तारेच्या ब्रशने साफ केली. एक्झॉस्टच्या तोंडाची काजळी लाकडी पट्टीने खरवडावी, पिस्टन वर आणून तोंड बंद करूनच. स्क्रूड्रायव्हर वापरला की पिस्टनला ओरखडा गेलाच.

आता कार्बोरेटर. वॉल्ब्रो कंपनीचा असो, झामाचा असो वा त्यांची नक्कल, रचना तीच: एका झाकणाखाली पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा, दुसऱ्याखाली मधोमध बटण असलेला मीटरिंग डायफ्रॅम, त्याखाली छोटा लिव्हर, स्प्रिंग आणि पेट्रोलची वाट उघडबंद करणारी सुई, म्हणजे नीडल. लहान मशीनचा मीटरिंग डायफ्रॅम पापडासारखा कडक झाला होता. निरोगी डायफ्रॅम कानाशी हलवला तर आवाज करत नाही. कडक झालेला कागदासारखा वाजतो. तो लिव्हर पुरेसा दाबत नाही, नीडल उघडत नाही, आणि मशीन चोकवर पेटून चोक काढताच बंद पडते. अगदी हेच लक्षण होतं. पंपाच्या बाजूला असलेली नखाएवढी बारीक जाळीही हिरवट चिकट थराने बंद होती.

जोडणीत सगळ्यात जास्त चूक गास्केटच्या क्रमाची होते. पंपाच्या बाजूला आधी डायफ्रॅम, तो थेट कार्बोरेटरच्या अंगाला, त्यावर गास्केट, मग झाकण. मीटरिंगच्या बाजूला उलट: आधी गास्केट, मग डायफ्रॅम, मग झाकण. एका बाजूचा क्रम दुसऱ्या बाजूला लावला की मशीन एक तर पेट्रोल ओढत नाही किंवा गळत राहते. लिव्हरची उंचीही पाहावी. झामाच्या अशा कार्बोरेटरमध्ये बहुधा तो आतल्या तळाशी समपातळीत असतो. वर राहिला तर पेट्रोल जास्त, खाली गेला तर कमी.

भोकं स्प्रे क्लीनरने साफ केली, दोन्ही स्क्रू काढून त्यांच्या वाटांतून. फवारा दुसरीकडून बाहेर येतो की नाही ते बघायचं, डोळ्यांवर चष्मा लावून. तार घालायची नाही. जेटचं भोक केसाएवढं मोठं झालं तरी मशीन कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. आणि स्क्रू काढण्यापूर्वी ते हलकेच आत टेकवून किती वेढे बसले ते लिहून ठेवावं. ही नोंद नंतर सोन्याची ठरते. नीडल बसते की नाही ते तपासायला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा वापरता येतो. पेट्रोलच्या नळीतून हवा भरून काटा ३०० पर्यंत नेला, तो जागीच राहिला. ३०० म्हणजे जवळपास ०.४ बार. काटा उतरत असेल तर कार्बोरेटर पाण्यात धरावा, बुडबुडा जिथून येईल तिथे दोष. नळी आणि टाकीतला फिल्टर न तपासता बदलला. इथेनॉलने फुगलेली नळी बाहेरून चांगली दिसते आणि टाकीच्या भोकाजवळ चिरलेली असते.

टाकीचा श्वास हा एक स्वतंत्र विषय. मशीन दहा मिनिटं छान चालते आणि मग भुकेने मेल्यासारखी बंद पडते. झाकण सैल केलं की 'स्स' आवाज, आणि पुन्हा पेटते. कार्बोरेटर उघडू नये, श्वासाचा छोटा व्हॉल्व्ह साफ करावा.

५८ कडे वळलो. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरी मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे, रिंग एका ठिकाणी चिकटलेली. ओरखडे कुठे आहेत त्यावरून कारण कळतं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर तेल कमी किंवा पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ. कार्बोरेटरच्या बाजूला मंद घासलेला पिस्टन म्हणजे एअर फिल्टरमधून धूळ आत गेली. चारी बाजूंनी ठिगळासारखे डाग म्हणजे अति तापणं, बहुधा पंख्यांत भुसा ठासलेला. इथे ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला होते, आणि कार्बोरेटर ते सिलिंडर जोडणाऱ्या बुटाला खालून चीर. त्या चिरेतून हवा जास्त जात होती, त्यात खालचा बिनतेलाचा थर. इथेनॉलमुळे मिश्रण तसंही थोडं पातळ होतं. तिन्ही कारणं एकाच दिशेची.

पिस्टन-सिलिंडरचा संच बदलणं अवघड नाही, पण तीन ठिकाणी जपावं लागतं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची दोन टोकं खाचेतल्या छोट्या पिनच्या दोन बाजूंना. पिनवर चढलेली रिंग सिलिंडर सरकवताना मोडते आणि आवाजही फारसा येत नाही. पिस्टन पिनच्या दोन्ही क्लिपा नव्या, आणि त्या बसवताना क्रँककेसच्या (सिलिंडरखालच्या पेटीच्या) तोंडावर फडकं, नाहीतर क्लिप उडून आत. बूट आणि गास्केट बसवताना क्रँककेसच्या स्पंदनांचं बारीक भोक समोरासमोर आलं पाहिजे. त्याच स्पंदनांवर कार्बोरेटरचा पंप चालतो. गास्केट उलटं लागलं की सगळं नवं असूनही पेट्रोल येत नाही, आणि माणूस दोन दिवस कार्बोरेटर उघडत बसतो.

कार्बोरेटर लावण्यापूर्वी एक्झॉस्ट आणि इनटेक सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद केले, स्पंदनाच्या भोकातून त्याच फुग्याने हवा भरली आणि क्रँकच्या दांड्याभोवतीच्या दोन्ही रबरी सीलवर साबणाचं पाणी लावलं. फ्लायव्हीलच्या बाजूला बुडबुडे आले. सील न बदलता मशीन दिली असती तर नवा पिस्टनही एका हंगामात गेला असता. हीच तपासणी घाईत सगळ्यात आधी गाळली जाते. जोडणीनंतर दाब १४० आला.

तुलना विचारली जाते म्हणून सांगतो. अशा ५८ चा बोअर ४५.२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३४, म्हणजे प्रत्यक्षात ५४.६ सीसी. तरीही लहान मशीनच्या दीडपटीहून मोठं इंजिन आहे आणि आंब्याचा दोन फुटी बुंधा कापायला ते लागतंच. सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात, एकमेकांना चालतात. पण तिचे सील, बूट, नळ्या, ऑइल पंप पहिल्याच वर्षी बदलायचे आहेत असं धरूनच ती घ्यावी, आणि स्वतः उघडता येत नसेल तर घेऊ नये. लहान मशीन बार-चेन सोडून चार किलोच्या आत, दिवसभर फांद्या तोडायला हात भरत नाही, आणि नीट वापरली तर वर्षानुवर्षं डायफ्रॅमपलीकडे काही मागत नाही. बागायतदाराला दोन्हींपैकी एकच घ्यायची असेल तर आमचं मत लहानीच्या बाजूने. मोठा बुंधा वर्षातून चार वेळा येतो, त्याला भाड्याचा कटर आणावा.

आता धार. खरं तर "कटरला ताकद नाही" या तक्रारींपैकी निम्म्या धारेच्या असतात. लाकडातून ढलपी पडत असेल तर चेन ठीक. पिठासारखा भुगा पडत असेल, जोर द्यावा लागत असेल, तर लगेच थांबावं. बोथट चेन दाबून चालवली की बार तापतो, क्लच घसरतो आणि इंजिन ओढून ओढून जातं. आपल्याकडे धार जाण्याचं पहिलं कारण जांभा. ओंडक्याखालच्या जांभ्याला चालती चेन एक क्षण टेकली तरी सगळे दात गेले. आडवा ओंडका खालच्या लाकडांवर उचलून घ्यावा, किंवा पाऊण भाग कापून, लोळवून उरलेला कापावा. माडाचा बुंधाही वाईट: बाहेरचा कडा अतिशय कठीण, मुळांकडे रेती अडकलेली, आणि त्याचे धागे स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणात गुंतून बसतात. माड कापताना दर टाकीला झाकण उघडून धागे काढावेत.

कानस चेनप्रमाणे लागते. पिच (चेनच्या कड्यांचं माप) ओळखण्यासाठी सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं करावं. लहान मशीनला ३/८ इंच लो-प्रोफाइल, १.३ मिलिमीटर गेज (म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी), ५५ ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत चालणाऱ्या कड्या), म्हणून ४ मिलिमीटरची गोल कानस. ५८ ला ०.३२५ इंच, १.५ गेज, ७६ लिंक, म्हणून ४.८ ची. एकच कानस दोन्हींना चालवतात ते चूक. जाड कानस दाताचा गळा भरत नाही, बारीक कानस खोल खड्डा करते आणि धार पहिल्याच ओंडक्यात मुडपते.

बार व्हाइसमध्ये पकडला, चेन ताणली, चेनब्रेक लावला. सगळ्यात आखूड दात शोधून त्याला मार्करची खूण केली, कारण बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. कोन ३० अंश, कानस दाताच्या आतून बाहेर, फक्त ढकलताना दाब, ओढताना उचललेली. कानसेचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसला पाहिजे. प्रत्येक दाताला तेवढेच हात, तीन तर तीनच. एका बाजूचे दात संपले की माणसाने बाजू बदलावी. तिथेच बसून उलट्या हाताने घासले तर त्या बाजूचे दात वेगळ्या लांबीचे होतात आणि कटर लाकडात चंद्रकोरीसारखा वळतो. धारेच्या कडेवर पांढरी चमक दिसेनाशी होईपर्यंत घासायचं. चमक म्हणजे बोथटपणाच.

तीन-चार धारांनंतर दातापुढचा रेकर, म्हणजे दात लाकडात किती खोल शिरेल ते ठरवणारा उंचवटा, तपासायचा. तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा, पट्टी-गेज ठेवून चपट्या कानसेने घासायचा आणि पुढचा कोपरा गोल करायचा. रेकर उंच राहिला तर धारदार चेनही नुसती सरकते. लवकर कापतं म्हणून डोळ्याच्या अंदाजाने खाली घेतला तर चेन हिसके देते आणि बारचं टोक लाकडाला लागताच कटर कपाळाकडे उडतो. दाताची लांबी ४ मिलिमीटरवर आली की चेन टाकून द्यावी.

बार दर धारेला उलटा करून लावावा, खाचेतली घाण काढावी, तेलाचं भोक टोचून मोकळं करावं. कडेला आलेली धातूची पापडी सपाट कानसेने काढली. खाच ०.३२५ ला ६ आणि लो-प्रोफाइलला ५ मिलिमीटरपेक्षा उथळ झाली की ड्राइव्ह लिंक तळाला घासतात. ५८ चा स्प्रॉकेट अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खाल्ला होता. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर चढवली की तीही लगेच खराब होते. क्लच उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या दिशेने उघडतो. पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकात सुती दोरी घालावी, लोखंड नाही. ड्रमखालच्या नीडल बेअरिंगला ग्रीस.

चेनच्या टाकीत जळकं ऑइल घालण्याची सवय आपल्याकडे घट्ट आहे. त्यात धातूची पूड असते, ती पंप आणि बार दोन्ही खाते. बार ऑइल मिळालं नाही तर नवं २०डब्ल्यू-४० घालावं. बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर धरून मशीन वाढवली तर तेलाची रेघ उमटली पाहिजे. चेनचा ताण थंडपणी, टोक वर उचलून: खाली लोंबू नये, हाताने सहज फिरावी. गरम चेन ताणून तशीच ठेवली तर थंड होताना ती आवळते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ येते.

इंधन ताजं, एका लिटरला २० मिलि चांगलं टू-स्ट्रोक ऑइल. साधं ऑइल असेल तर ४०. सिरिंजने मोजायचं, बाटलीच्या झाकणाने नाही. लहान मशीन नोंदलेल्या वेढ्यांवर तिसऱ्या ओढीला पेटली. ५८ चे दोन्ही स्क्रू एकेक वेढा उघडे ठेवून सुरुवात केली आणि पाच मिनिटं गरम होऊ दिली. आधी एल (कमी वेगाचा स्क्रू): एक्सलेटर दाबताच अडखळू नये. मग एच (पूर्ण वेगाचा स्क्रू): पूर्ण दाबल्यावर बिनओझ्याचा आवाज थोडा फुटका, घरघरता हवा, आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ व्हावा. बिनओझ्यालाच आवाज टोकदार, किंचाळता असेल तर मिश्रण पातळ आहे, लगेच एच थोडा उघडावा. टॅकोमीटरवर ५८ ला ११,००० च्या आत ठेवलं. शेवटी आयडल स्क्रू, साधारण २,८०० ते ३,०००, चेन जागची हलता कामा नये. हललीच तर आधी आयडल कमी करावा. तरी हलली तर क्लचची स्प्रिंग तुटलेली. नव्या पिस्टनच्या मशीनला पहिल्या तीन टाक्या जाड बुंधा द्यायचा नाही.

ठेवणीची कामं मेअखेरीची. टाकी रिकामी करून मशीन आपणहून बंद पडेपर्यंत चालवायची, प्राइमरचा फुगा असेल तर तो दाबून उरलेलं पेट्रोल काढायचं. प्लगच्या भोकात चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल, दोनदा सावकाश दोरी, प्लग परत. चेन काढून तेलाच्या डब्यात. सायलेन्सरच्या तोंडात तेलकट चिंधी, तिचं टोक बाहेर लोंबतं ठेवून, म्हणजे ऑक्टोबरात विसरणार नाही. मशीन पागोळ्यांपासून दूर, माळ्यावर.